पवनचक्कीवाल्यांकडून सभामंडप घ्यायचा की कर?

पाटणकर, कोपरखैरणे

वडील तुर्भ्याच्या बाजारात माथाडी होते, मी कोपरखैरण्यातच वाढलो. गाव पाटण तालुक्यात, वनकुसवडे पठाराच्या बाजूला. गेल्या रविवारी आमच्या मुंबईकर मंडळाची बैठक झाली, विषय जत्रेची वर्गणी. त्यात एकाने सांगितलं की मंदिरापुढच्या सभामंडपाचे पत्रे यंदा पवनचक्कीवाली कंपनी देणार. टाळ्या पडल्या. मी एवढंच विचारलं, ही कंपनी ग्रामपंचायतीला वर्षाला कर किती भरते? बैठकीला बावीस जण होतो, त्यात सरपंचांचे चुलतभाऊही होते. आकडा एकालाही सांगता आला नाही.

वनकुसवडेचं पठार समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या वर आहे. 1990च्या दशकाच्या अखेरीस तिथे पवनचक्क्या उभ्या राहू लागल्या आणि आज त्या प्रकल्पाची क्षमता 259 मेगावॅट धरली जाते. म्हणजे पाती फिरायला लागून पंचवीस वर्षं झाली. आमच्या चुलत्यांची जमीन त्यातच गेली, दलालाने सांगितलेल्या भावाने. आणि गावात बिल थकलं म्हणून रस्त्यावरचे दिवे बंद झालेले मी स्वतः पाहिलेत. 2021 मध्ये तर राज्यभरच्या ग्रामपंचायतींना दिवाबत्तीची बिलं पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातून भरायला सांगितली गेली. गटार आणि शाळेसाठी आलेला पैसा असा विजेच्या बिलात गेला, तोही वीज तयार होते त्या गावात.

माझं म्हणणं सरळ आहे. देणगी नको, कर हवा. देणगी मागायला सरपंच एकटे जातात, कंपनीच्या साहेबांसमोर बसतात, काय बोलणं झालं ते त्या दोघांनाच ठाऊक. कर घ्यायचा तर ठराव लागतो, नमुना 8 ला, म्हणजे कर आकारणीच्या वहीत, नोंद लागते, मागणीचं बिल लागतं, पावती फाटते. उद्या मी माहिती अधिकारात कागद मागितला तर तो असतो तरी.

आणखी एक गोष्ट, जी मला सगळ्यांत जास्त टोचते. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला 15 टक्के मागासवर्गीय वस्तीवर, 10 टक्के महिला आणि बालकल्याणावर, 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करावा लागतो. कंपनीने एक लाख कर भरला तर पंधरा हजार आमच्या वरच्या वस्तीचे, दहा हजार अंगणवाडीचे, पाच हजार त्या पोलिओ झालेल्या मुलाचे, ज्याला तिनचाकीसाठी आम्ही दोन वर्षं वर्गणी काढतोय. तेच एक लाख पत्र्याच्या रूपात आले की या तिघांच्या वाट्याला शून्य, कारण तो पैसा ग्रामपंचायतीच्या रोकडवहीत कधी येतच नाही. सभामंडप सगळ्यांचा असतो म्हणतात. वरच्या वस्तीला रस्ताच नाही, ती माणसं त्या मंडपात किती वेळा बसतात?

तुम्हा लोकांना काय वाटतं?

ऐरोली विद्युत

दादा, भावना समजली, पण मी याच धंद्यात होतो. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलला देखभालीच्या कामावर सात वर्षं काढली. तुम्ही ‘कंपनी’ म्हणताय ती नक्की कोण?

फाटकावर जिचं नाव असतं ती बहुतेक वेळा फक्त देखभाल करते. यंत्रं शेकडो मालकांची. त्या काळात पवनचक्कीवर पहिल्याच वर्षी 80 टक्के घसारा मिळायचा, म्हणजे किमतीचा तेवढा भाग नफ्यातून वजा होऊन आयकर वाचायचा, म्हणून कापड गिरणीवाले, औषध कारखानदार, कुणीही एक-दोन यंत्रं विकत घ्यायचे. ती सवलत 2012 ला गेली, 2014 ला परत आली आणि 2017 पासून 40 टक्क्यांवर आली. यातल्या कित्येक मालकांनी आपली पवनचक्की डोळ्यांनी पाहिलेली नाही. ग्रामसेवक बिल पाठवणार कुठल्या पत्त्यावर?

दुसरं, पठारावरची जुनी यंत्रं लहान आहेत, काही 350 किलोवॅटची. ती उतरवून त्याच जागी मोठी बसवावीत म्हणून केंद्राने 2016 ला धोरण आणलं, 2023 ला ते सुधारलं. त्यासाठी बँकेकडे जाताना एका ग्रामपंचायतीचा कर एक, शेजारणीचा त्याच्या चौपट, अशी अवस्था असेल तर कर्ज कोण देईल? मग जुनीच यंत्रं कुरकुरत राहतील आणि गावाला कर नाही, पत्रेही नाहीत.

ग्रामसेवक (निवृत्त), कळवा

मी मुलाकडे कळव्याला असतो. एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातली नऊ वर्षं पवनचक्क्या असलेल्या गावांत. दोघांनाही थोडं दुरुस्त करतो.

ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 124 खाली इमारतींवर आणि जमिनींवर कर बसवता येतो. पवनचक्कीवाले पहिल्यांदा म्हणतात, ही इमारत नव्हे, यंत्र आहे. मोबाइल टॉवरवालेही असंच म्हणत होते. डिसेंबर 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या प्रकरणात टॉवर ही इमारतच धरली आणि मालमत्ता कर लागू ठरवला. तो निकाल महानगरपालिकेचा होता, तरी त्यातला विचार मला इथेही लागू वाटतो. पाया, मनोरा, नियंत्रणाची खोली यांची आकारणी व्हायला हवी.

पत्त्याचं म्हणाल, तर महसुलाच्या दप्तरात जमिनीवर नाव असतं. थकलं की कलम 129 आहे, मागणी बिल, मग नोटीस, मग जप्तीचं वॉरंट. लोक अदालतीतही बरीच थकबाकी निघते. अडचण कायद्याची नसते. अडचण अशी की मी पोस्टाने बिल पाठवायचो आणि दुसऱ्या दिवशी वरून फोन यायचा, ‘भाऊसाहेब, जरा सबुरीने.’

म्हणून माझं मत पाटणकरांपेक्षा वेगळं आहे. कलम 125 बघा. कारखान्याशी करार करून करांऐवजी ठोक रक्कम घेता येते, त्याला वरची मंजुरी लागते. पवनचक्की कारखान्यात बसते की नाही यावर वकील भांडतील, पण वाट तीच धरावी. आकारणीला मालक पंचायत समितीत अपील करतो, तिथून जिल्हा परिषदेत, मग कोर्टात. माझ्या एका गावात सहा वर्षं गेली आणि हातात दमडी आली नाही. शेजारच्या गावाने ठोक रक्कम मान्य केली, रक्कम कमी होती, पण दरवर्षी एप्रिलमध्ये जमा व्हायची.

घणसोली, माहेर जावळी

काका, ती ठोक रक्कम ठरली कुठे? ग्रामसभेत की कुणाच्या ओसरीवर? राग मानू नका, पण हाच तर मूळ प्रश्न आहे.

आणि पाटणकर दादा, तुमच्यावरही माझा आक्षेप आहे. तुम्ही कर, कर म्हणताय. माझ्या माहेरच्या ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचे पैसे येतातच की. चौदाव्या आयोगाच्या काळात तर ते थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात यायचे. आमच्या वहिनी तेव्हा महिला राखीव जागेवरून सदस्य होत्या. पाच वर्षांत त्यांना एकदाही कुणी रोकडवही दाखवली नाही, सह्यांना मात्र घरी यायचे. आज ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर कुणालाही गावाचा खर्च बघता येतो. तुमच्या बावीस जणांपैकी किती जणांनी बघितलाय? आहे त्या पैशाचा हिशेब कुणी विचारत नाही, तिथे आणखी पैसा आणून त्याच ठेकेदाराचं भलं होणार.

ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे किमान हजेरी, 15 टक्के मतदार किंवा 100, यातला जो आकडा कमी तो. तेवढेही जमत नाहीत. सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीच लागत नाही. मग आठ माणसं ठराव करतात. मुंबईकर येतात जत्रेला, ग्रामसभा असते 1 मे आणि 15 ऑगस्टला.

पाटणकर, कोपरखैरणे

ताई, ई-ग्रामस्वराजचं तुमचं खरं आहे. तुमचा प्रतिसाद वाचल्यावर रात्री पहिल्यांदा उघडून बघितलं. आमच्या गावाच्या खर्चात दोनदा ‘नळ दुरुस्ती’ आहे. आई म्हणते, नळाला मार्चनंतर पाणी नसतं.

पण एक सांगतो. वित्त आयोगाचा पैसा वरून येतो, तो गावाला आपला वाटत नाही. आला तर आला. घरपट्टी दुप्पट केली तर मात्र त्याच गावात दुसऱ्या दिवशी चावडीवर माणसं जमतात. कर कोण भरतं आणि कोण भरत नाही हे यादी वाचून सांगितलं तर माणसं सभेला येतील, असं मला मनापासून वाटतं. म्हाताऱ्या विधवेची साडेतीनशे रुपये थकबाकी नोटीस बोर्डावर लागते. तिच्या नावाखाली पवनचक्कीच्या मालकाचंही नाव आकड्यासह लागू दे.

ऐरोलीकर, शेकडो मालक आहेत हे मान्य. पण त्यांना विजेचे पैसे कुठल्या पत्त्यावर मिळतात? तिथे बिल पाठवता येईल.

वागळे इस्टेट, ठाणे

मला मूळ मागणीच चुकीची वाटते. पवनचक्की ज्या गावाच्या हद्दीत तिलाच सगळा कर, हे न्यायाचं कसं? पठारावर वाड्या दोन-तीन, माणसं थोडी. ते अवजड ट्रेलर वर गेले ते खालच्या गावांच्या रस्त्यावरून. रस्ता जिल्हा परिषदेचा, तो उखडला खालच्यांच्या दारात, आणि कर मिळणार वरच्यांना? माझं गाव खालचं आहे. आमच्या हद्दीत एकही पातं नाही, पण दुष्काळात लोक म्हणायचे की ही पाती ढग पळवतात. शास्त्रज्ञांनी ते खोडून काढलं, तरी गावकऱ्यांचा विश्वास बसत नव्हता, कारण त्यांना कुणी कधी काही समजावून सांगायलाच आलं नव्हतं. पैसा तालुक्याला जमा व्हावा आणि तिथून सगळ्यांना वाटला जावा.

ऐरोली विद्युत

हे पटण्यासारखं आहे, आणि म्हणूनच मी मनोऱ्यावरच्या कराऐवजी तयार झालेल्या विजेच्या युनिटमागे पैसे म्हणतो. जर्मनीत कायद्यात तरतूद आहे, पवनचक्कीपासून अडीच किलोमीटरच्या आतल्या गावांना युनिटमागे 0.2 सेंटपर्यंत देता येतं. हद्द कुणाची हा वादच उरत नाही.

आपल्याकडचं गणित मांडतो. एक मेगावॅटचं यंत्र, वर्षाचे 8,760 तास, आपल्या मध्यम वाऱ्यात क्षमतेच्या 20 टक्के धरा. वर्षाला 17 लाख 52 हजार युनिट होतात. युनिटमागे पाच पैसे घेतले तर 87,600 रुपये. दहा मेगावॅट असतील तर पावणेनऊ लाख. 2017 च्या पहिल्या लिलावात पवनविजेचा दर 3 रुपये 46 पैशांवर आला होता, त्याच्याशी तुलना केली तरी हे दीड टक्क्याच्या आत आहे. मालक तक्रार करेल, पण पळून जाणार नाही. मीटरचं वाचन दर महिन्याला संयुक्तपणे होतंच, मूल्यांकनाचं भांडण नको की अपील नको. वीज शुल्क आज राज्याच्या तिजोरीत जातं, त्यातून गावाला काही परत येत नाही. तिथूनच हे वळवता येईल.

ग्रामसेवक (निवृत्त), कळवा

हिशेब चोख आहे, पण त्याला मंत्रालयात कायदा करावा लागेल. जलविद्युतच्या 2008 च्या राष्ट्रीय धोरणात एक टक्का वीज स्थानिक विकास निधीसाठी ठेवली आहे. पवनचक्कीला तसं काही नाही. खाणीची झळ बसणाऱ्या भागांच्या निधीसाठी 2015 ला जिल्हा खनिज प्रतिष्ठानं झाली, पण ती जिल्ह्याची. खाणीशेजारच्या वाडीला तिथे अर्ज घेऊन उभं राहावं लागतं. तालुक्याला पैसा द्या म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. एकदा पैसा वर गेला की तो खाली यायला पत्र लागतं, आणि पत्राला ओळख लागते.

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं. ठोक रक्कम ग्रामसभेत ठरली नव्हती. मासिक सभेत ठराव झाला, वाचून दाखवला गेला नाही, आणि लिहिणारा मीच होतो. आज लिहिताना ते बरं वाटत नाही.

घणसोली, माहेर जावळी

काका, तुम्ही हे इथे लिहिलंत याचा आदर वाटतो. मग तुमच्या कलम 125 ला माझी एकच अट. कराराची प्रत ग्रामसभेत वाचायची आणि त्याआधी महिलासभेत. रक्कम कमी असली तरी चालेल. वाचून झाल्याशिवाय सही नको.

पाटणकर, कोपरखैरणे

ठोक रकमेला माझा विरोध अजून आहे. चार वर्षांनी आकारणी फिरून होते, करार मात्र तसाच पडून राहतो, आणि जुनं यंत्र काढून चौपट मोठं बसवलं तरी आकडा तोच. ऐरोलीकरांच्या युनिटच्या गणितात हा दोष नाही हे कबूल करतो. पण ते होईपर्यंत कलम 124 आहे, त्यावर चालू.

1 मेला गावी जातोय, मतदार यादीत नाव अजून तिथलंच आहे. काका, नमुना 8 चा उतारा मागायला अर्ज कसा लिहायचा, सांगाल का?

ग्रामसेवक (निवृत्त), कळवा

साध्या कागदावर लिहा. फक्त नमुना 8 मागू नका, नमुना 9 पण मागा. आठमध्ये आकारणी असते, मागणी आणि वसुली नऊमध्ये दिसते. ‘पवनचक्क्या’ असं मोघम लिहू नका, गट नंबर लिहा, नाहीतर ‘अशी नोंद नाही’ म्हणून उत्तर येईल. गट नंबर सातबाऱ्यावर मिळतील. अर्ज 1 मेच्या आधी आठ दिवस द्या आणि पोच घ्या. मीही येतो म्हणालो असतो, पण गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सभेच्या वेळी फोन करा, मी चालू ठेवतो.