सोळाशेला बरगडीखाली कळ येते, अर्जंट उपाय सांगा

खाकीच_घालणार:
पोलीस भरतीचं ग्राउंड (मैदानी चाचणी) तोंडावर आलंय. सोळाशे मीटर मारताना तिसऱ्या राउंडला बरगडीखाली अशी कळ येते की वाकून उभंच राहावं लागतं. थांबलं की जाते, पळलं की परत. शंभर मीटर ओके, गोळा ओके, सगळे मार्क सोळाशेला जातायत. रामबाण काय असेल ते सांगा. डॉक्टरला दाखवा म्हणू नका, दाखवलंय, काही नाही म्हणाले. गोळी असेल तरी चालेल.

चिंचगूळ:
कुठल्या बाजूला? पळायच्या आधी काय खाता, किती वेळ आधी? पहिल्यापासून आहे की आता सुरू झालं? हे न सांगता रामबाण कोण सोडणार?

पहाटपळ्या:
श्वास. डोळे झाकून सांगतो, श्वासाचाच प्रॉब्लेम. तीन पावलं आत, दोन पावलं बाहेर. कळ उजवीकडे असेल तर डावा पाय टेकताना श्वास सोडायचा. मुंबई मॅरेथॉनला पेडर रोडच्या चढावर मी हेच करतो, आजवर कळ नाही.

निवांत_पाटील:
दादा, तुमची मॅरेथॉन चार-पाच तासांची. भरतीला 5 मिनिटं 10 सेकंदांच्या आत आलं तर 20 पैकी 20. त्या स्पीडला तीन-दोन मोजत बसला तर मोजणारा मागे आणि पोरं पुढे. दम लागल्यावर श्वास मिळेल तसाच घेतला जातो.

पहाटपळ्या:
स्पीड वाढला की दोन-एक करायचं. तत्त्व तेच आहे. न करता नावं ठेवणं सोपं असतं.

सुमनकाकू:
अरे बाळा, गॅस असणार. ओवा भाजून सैंधव घालून रात्री कोमट पाण्याबरोबर घे. आमच्या दिरांना असंच व्हायचं, ते पळत नसत पण व्हायचं.

खाकीच_घालणार:
उजव्या बाजूला. बाकी नॉर्मल खातो. काकू, ओवा घेऊन झालाय.

चिंचगूळ:
नॉर्मल म्हणजे काय? भाकरी नॉर्मल, बिर्याणीही नॉर्मल.

गोळाफेक_गुरुजी:
सोळाशेच्या नादात गोळ्याकडे दुर्लक्ष करू नका. सव्वासात किलोचा गोळा तळहातावर नाही, बोटांच्या मुळाशी धरायचा. कोपर खाली पडलं की मीटरभर गेलंच समजा. आठ मीटरच्या आत अडकलेली पोरं हीच चूक करतात.

निवांत_पाटील:
गुरुजी, तो गोळा ओके म्हणालाय.

फिजिओताई:
फिजिओथेरपिस्ट आहे, थोडं लांब लिहिते. या कळेचं नेमकं कारण अजून पक्कं ठरलेलं नाही. पूर्वी म्हणायचे, छाती आणि पोटाच्या मधल्या श्वासपटलाला रक्त कमी पडतं. पण ही कळ घोडेस्वारांनाही येते, आणि रपेटीत धावण्याइतका दम लागत नाही. त्यामुळे सगळं श्वासावर ढकलता येत नाही. दुसरा अंदाज असा की पोटाच्या पोकळीचं आतलं अस्तर घासलं जातं. भरलेलं पोट त्यावर दाबतं, म्हणून जेवून लगेच पळलं की जास्त. गोड पेयांनी तर हमखास वाढते. फळांचा रस, साखर-ग्लुकोजचं दाट पाणी पोटातून लवकर पुढे सरकत नाही. तरुण पोरांना जास्त येते, वयानुसार कमी होत जाते.
एक विचारते, कळ आली की खांद्याच्या टोकालाही दुखतं का? काहींना दुखतं. त्या अस्तराच्या वरच्या भागाची आणि खांद्याची नस एकाच ठिकाणाहून येते. तसं असेल तर घाबरू नका. मात्र थांबूनही कळ जात नसेल, छातीत किंवा डाव्या हातात जात असेल, ताप असेल किंवा लघवीला लाल होत असेल तर ती ही कळ नव्हे. तेव्हा पुन्हा दाखवायचं.

खाकीच_घालणार:
हो ताई, उजवा खांदा दुखतो! मला वाटलं गोळ्यामुळे. छातीत वगैरे काही नाही.
खाणं विचारलंय तर ऐका. अकॅडमीत सर पळायच्या अर्धा तास आधी चार केळी आणि मोठा ग्लास दूध देतात, मग लिंबू-ग्लुकोजचं पाणी. पण सगळी पोरं तेच घेतात.

चिंचगूळ:
आणि कळ फक्त तुम्हालाच येते?

खाकीच_घालणार:
अजून दोघा-तिघांना येते.

चिंचगूळ:
बरं. आता हे सांगा, तिसरा राउंड म्हणजे नेमका किती मीटरला? ट्रॅक चारशेचा आहे ना?

खाकीच_घालणार:
आमचं शाळेचं ग्राउंड दोनशेचं आहे. आठ राउंड मारतो.

निवांत_पाटील:
म्हणजे पाचशे-सहाशे मीटरलाच धरतंय! आम्ही सगळे बाराशेचं गृहीत धरून बसलोय. पहिले दोन राउंड किती सेकंदांत जातात?

खाकीच_घालणार:
दोन्ही मिळून 66-67. मागं राहिलं की पुढं जागा मिळत नाही, लई गर्दी असते.

निवांत_पाटील:
5:10 साठी चारशे मीटरला साडेसत्त्याहत्तर सेकंद पुरतात. तुम्ही दहा सेकंद आधीच उधळताय, तेही पोटात अर्धा लिटर दूध घेऊन. पहिले दोन राउंड 76 ला बसवा. गर्दीत बाहेरच्या बाजूने पळा, चार पावलं जास्त पडतील, पडू देत.

डावे_वळण:
कोणी बोललं नाही म्हणून सांगतो. दोनशेच्या ट्रॅकवर सारखं डावीकडे वळावं लागतं, त्याने उजवी कूस ताणते. उलट्या दिशेने सराव करा.

पहाटपळ्या:
मग डांबरी रस्त्यावर सरळ पळणाऱ्यांना कशी येते? काहीही.

डावे_वळण:
रस्ता कडेला उतरता असतो.

फिजिओताई:
वळणाचा वाद नंतर घाला. पळायच्या आधी दोन तास पोटात जड काही नको. दूध सराव संपल्यावर, ग्लुकोजचं पाणी बंद, साधं पाणी घोट-घोट. पळताना कळ आलीच तर वेग जरा उतरवा, दुखतं तिथे बोटं आत दाबा, किंचित पुढे झुकून ओठ आवळून लांब श्वास सोडा. पूर्ण थांबू नका. पेनकिलर अजिबात नको, गोळी लागू पडेपर्यंत शर्यत संपलेली असते. आणि पोक काढून पळत असाल तर तेही बघा, पाठीचा बाक आणि ही कळ यांचा संबंध दिसलाय.

सुमनकाकू:
दूध बंद कशाला, हळद घालून द्यावं.

खाकीच_घालणार:
दूध आणि ग्लुकोज सोडून बघितलं. कळ आली, पण सहाव्या राउंडला, आणि थांबावं लागलं नाही. सर चिडलेत, म्हणतात ताकद कुठनं येणार. आता खरं टेन्शन वेगळं आहे. ग्राउंडला पहाटे पाचला बोलवतात आणि नंबर कधी दहाला लागतो, कधी अकराला. मग खायचं कधी?

निवांत_पाटील:
हा प्रश्न आधी विचारायला हवा होता. माझ्या वेळेला साडेअकरा झाले होते. निघायच्या आधी घरी एक भाकरी नाहीतर दोन पोळ्या, भाजी कमी तिखट. आत गेल्यावर तासा-दीड तासाने एखादा खजूर, मूठभर चुरमुरे. तुमच्या बॅचला उठवलं की तोंड बंद. पाणीही ओठ ओले करण्यापुरतं. आणि शेजारचा केळं देईल, घ्यायचं नाही.

फिजिओताई:
बरोबर. फक्त हे आधी एका सुट्टीच्या दिवशी घरी करून बघा. पाचला खाऊन अकराला सोळाशे मारा, म्हणजे पोट काय म्हणतं ते कळेल. नवीन काही त्याच दिवशी करायचं नाही.

खाकीच_घालणार:
रविवारी करतो. चुलत्यांना डबा नको म्हणून सांगायला लागेल, ते गेटवर तुपातला शिरा घेऊन थांबणार आहेत.

निवांत_पाटील:
थांबू देत. सोळाशे झाल्यावर खा. गोळा त्याच्यानंतर असेल तर अर्धाच.

गोळाफेक_गुरुजी:
गोळ्याआधी अर्धाही नको.