नवी गाडी ८० च्या वर गेली की स्टिअरिंग थरथरतंय

निपाणीकर: कोल्हापुरात नवी कार घेतली. हायवेला ८० ते १०० मध्ये स्टिअरिंग थरथरतं. शोरूमवाले म्हणतात, "नवीन आहे, रुळेल." काय करावं?

खानापूरकर: थरथर रुळून जात नसते, हे आधी डोक्यातून काढा. ब्रेक न लावता थरथरत असेल तर बहुधा पुढच्या चाकांचं बॅलन्सिंग (वजनाचा समतोल) बिघडलेलं, नाहीतर टायर किंवा रिममध्ये दोष. टायर थंड असताना हवा दाराच्या स्टिकरप्रमाणे भरा, मग पुढची चाकं मागं आणि मागची पुढं लावून घ्या. थरथर स्टिअरिंगमधून जाऊन सीटखाली आली, तर दोष चाकातच. नुसत्या अलाइनमेंटवर (चाकांचे कोन जुळवणं) बोळवण करून घेऊ नका. ते बिघडलं तर गाडी एका बाजूला ओढते. फक्त ब्रेक दाबल्यावरच थरथर असेल, तर ब्रेक डिस्कचा रनआउट, म्हणजे फिरताना ती किती डगमगते ते, डायल गेज या मापकानं मोजायला लावा.

सीमाभागवाला: जॉबकार्डवर (सर्व्हिस सेंटरचा तक्रार नोंदवायचा कागद) "गाडी चेक करणे" असलं मोघम चालवून घेऊ नका. वेग, किलोमीटर, ब्रेक लावून की न लावता, सगळं लिहायला लावा आणि सर्व्हिस सेंटरच्या सल्लागाराला शेजारी बसवून हायवेला चक्कर मारा. दोष राहिला तर "तक्रार कायम" लिहूनच सही करा, फोटो ठेवा, कंपनीला मेल टाका.

निपाणीकर: गाडी महाराष्ट्रातली, मी कर्नाटकातला, मग केस तिकडं?

सीमाभागवाला: तिकडंच करावी असं नाही. २०१९ च्या ग्राहक कायद्यानं राहत्या जिल्ह्यात, म्हणजे बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते. मुदत २ वर्षं. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.