मदत हवी आहे: पन्हाळा ते विशाळगड, दिवाळीनंतर, चार दिवसांत, खडक बघत

नमस्कार मंडळी,

दिवाळी झाली की पन्हाळगड ते विशाळगड चार दिवसांत चालायचा बेत आहे. आम्ही तिघं: मी, साठी ओलांडलेले थोरले दादा आणि भूशास्त्र घेऊन बी.एस्सी. करणारी त्यांची लेक. तिघंही कोल्हापूरचेच.

ही वाट लोक चालतात ती जुलैत, आणि ते योग्यच आहे. १६६० च्या जुलैत महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून याच बाजूनं निसटले, बाजीप्रभूंनी घोडखिंड लढवली. ती रात्र समजून घ्यायची तर चिखल, पाऊस आणि जळवा अंगावर घ्यायलाच हव्यात. जुलैतल्या पदभ्रमण मोहिमेबरोबर मीही चाललो आहे. पण तेव्हा धुक्यात पुढच्याच्या सॅकपलीकडे काही दिसत नाही, आणि दोन दिवसांत पावनखिंड गाठायची म्हटल्यावर कुठं टेकायला सवड नसते. यंदा आम्हाला मुद्दाम रेंगाळायचं आहे.

कारण पुतणीनं सांगितलेली एक गोष्ट डोक्यातून जात नाही. दख्खनच्या लाव्हाच्या थरांना भूशास्त्रज्ञांनी गावांची नावं दिली आहेत. पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर अशी खालून वर यादी चढत जाते, आणि महाबळेश्वरच्या वर येतो तो पन्हाळा! सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा उसळून थरावर थर पसरत गेला. सह्याद्रीत त्याची जाडी दोन हजार मीटरच्या घरात जाते, आणि त्यातले अगदी शेवटशेवटचे थर आपल्या दारात आहेत. ज्या तटावर बसून आपण कणीस खातो, त्याच्या पायाखाली हे आहे. हे एकदा पायी चालून, हात लावून बघावं असं मनापासून वाटतं.

आता अडचणी. सगळ्यात मोठी पाण्याची. पन्हाळ्याच्या राजदिंडी दरवाजानं उतरून म्हाळुंग्यावरून मसाई पठारावर चढायचं ठरलंय. पठारावर काळा कातळ जवळजवळ दिसत नाही, सगळा जांभा. बेसाल्टच झिजून, कुजून त्याचा जांभा झालेला. दगड भोकाभोकांचा, त्यामुळं पाऊस आत मुरतो, खालच्या चिकट मातीच्या थराला अडतो आणि कडेकपारीतून झऱ्यानं बाहेर पडतो. म्हणजे वर ठणठणीत कोरडं आणि पाणी असलंच तर कडेला, खाली. पावसाळ्यात जागोजागी डबकी असतात तेव्हा याचा विचारच करावा लागत नाही. नोव्हेंबरात मसाई देवीच्या देवळापासून कुंभारवाडी-खोतवाडीपर्यंत भरवशाचा झरा किंवा विहीर कुठं आहे? पांडवदरा लेण्यांपाशी त्या दिवसांत पाणी टिकतं का? माणशी तीन लिटर घेऊन निघालो तर पुरेल, की दादांच्या वाटणीचंही मी उचलू?

दुसरं, वाटाड्या. मोहिमेच्या वेळी माणसांच्या रांगेमागं चालत राहिलं की झालं. एरवी करपेवाडीच्या पुढं जंगलात ढोरवाटा इतक्या फुटतात की मोबाईलवरच्या नकाशावर विसंबून राहायला मी तयार नाही. शिवाय गव्यांचा वावर आहे. वाडीतलं कुणीतरी सोबत हवंच. पण तेच दिवस भातकापणीचे आणि मळणीचे. घरटी सगळी माणसं शेतात असताना कुणाला दोन दिवस मोडायला लावणं पटत नाही. सुगी आटोपायची वाट बघावी का? नोव्हेंबरची अखेर गाठली तर चालेल, पण झरे आटण्याची भीती आहेच.

मुक्कामाचं म्हणाल तर पहिला खोतवाडीच्या आसपास, दुसरा करपेवाडीला, तिसरा पांढरपाण्याला असं मनात आहे. मोहिमेत शाळा, देवळं उघडी असतात. एरवी कुणाला विचारायचं, सरपंचांना की थेट गुरुजींना? कुणाच्या घरी जेवणाची सोय झाली तर उत्तमच. पिठलं-भाकरी, खर्डा, काहीही चालेल, आणि त्याचे रीतसर पैसे द्यायचे आहेत. कितपत द्यावेत म्हणजे त्यांना कमी वाटणार नाही, तेही सांगा.

दादांचा उजवा गुडघा उतारावर कुरकुरतो. पठार उतरताना ओल्या जांभ्यावरनं घसरायला होतं, पण वाळल्यावर सुट्या खड्यांवर पाय कसा ठरतो? आणि मधेच थांबावं लागलं तर बाजारभोगावकडं उतरून एस.टी. धरता येईल अशी वाट कुठल्या वाडीतून आहे? विशाळगडावरून परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ आणि गडावर जाण्याबाबत सध्या काही निर्बंध असतील तर तेही कळवा.

पुतणीचा प्रश्न वेगळाच आहे. दोन लाव्हाथरांच्या मधला तांबडा मातीचा पट्टा, आणि कातळाच्या पोकळ्यांत जमलेले पांढरे स्फटिक, या वाटेवर उघड्यावर कुठं दिसतात? ती फोडून काही आणणार नाही, फोटो आणि वहीत टिपण एवढंच. पावनखिंडीत लोखंडी शिडीनं खाली उतरल्यावर दोन्ही अंगांच्या भिंती जवळून बघता येतात, तिथं तिला अर्धा दिवस द्यायचा ठरवलाय. पाणी ओसरल्यावर ओढ्याच्या पात्रातून पुढं जाता येतं का?

दसऱ्यापर्यंत उत्तरं मिळाली तर मला रजेचा अर्ज टाकता येईल. पाण्याचं आणि वाटाड्याचं मात्र आधी सांगा, बाकीचं मागाहून आलं तरी चालेल.