उत्तर: तलावात ट्रोलिंग जमतं का?

समुद्रात सुरमई-टूनासाठी बोटीमागं आमिष ओढत नेतात, तसं आमच्या भंडाऱ्याकडच्या मालगुजारी (मालगुजारांनी, म्हणजे जुन्या जमीनदारांनी बांधलेल्या) तलावात चैत्रात जमेल का, असं वर विचारलंय. करून पाहिलंय, म्हणून सांगतो. मार्लिन या मोठ्या समुद्री माशासाठी बोट ताशी १२-१५ किलोमीटरनं पळवतात; आम्ही तिघं डोंग्यात, वल्ह्यावर एकजण. दहा हात गेलो नाही तोच गळ कमळाच्या देठात. सोडवला, पुन्हा शेवाळ. काठावरच्या ढिवरदादानं (ढिवर म्हणजे आमच्याकडचे मासेमार) हाक दिली, "भाऊ, वखर हाकून राहिले काय?"

त्यापेक्षा मरळीच्या मागं लागा. तिला हवा घ्यायला वर यावंच लागतं, आणि पाणी आटून तापलं की जास्तच. 'टुप्प' असा आवाज, मग वलय. त्याच्या हातभर पुढं रबरी बेडूक टाकायचा, हळूहळू ओढायचा. झडप पडली की लगेच हिसका नको, नीट तोंडात घेऊ द्या (आमची पहिली तिथंच सुटली). लालसर पिल्लांचा घोळका दिसला तर मात्र गळ आवरा, खाली आईबाप राखणीला असतात. आणि तलाव बहुधा मच्छीमार संस्थेकडं ठेक्यानं असतो, आधी विचारून घ्या.