लोगोला काय म्हणायचं: बोधचिन्ह, मार्का की छाप?

करवीरवासी
बचत गटांसाठी पाकिटं, लेबलं, रंग वगैरेंवरची एक पुस्तिका मराठीत आणतेय. पहिल्याच धड्यात ‘लोगो’साठी बोधचिन्ह लिहिलं आणि गेल्या आठवड्यात एका गटात वाचून दाखवलं. सगळ्या कांदा-लसूण चटणी करणाऱ्या बायका. निम्म्याजणी गप्प. शेवटी एक मावशी म्हणाल्या, “ताई, ह्यो बोध कुणी कुणाला करायचा?” मी पाकिटावरच्या चित्रावर बोट ठेवलं, तर लगेच, “मग मार्का म्हणा की!”

मार्का लिहून पाठवलं, तर संपादकांनी परत धाडलं. शब्द हलका आहे म्हणे. गुरुवारी पुस्तिका छपाईला जाणार. बोधचिन्ह, मार्का, छाप, की सरळ लोगो? काय ठेवू?

शाहूपुरीकर
मार्का हलका? आमच्या घरात दोन पिढ्या गुळाची अडत होती. बारदानावर कापीव अक्षरांचा पत्रा धरायचा, वरून काळ्या शाईचा बोळा फिरवायचा, की उमटला मार्का. चित्रबित्र काही नाही, गोलात दोन अक्षरं. गुजरातचा व्यापारी फोनवर पहिला प्रश्न विचारायचा, “मार्का तोच ना?” रव्याचा, म्हणजे गुळाच्या ढेपेचा, रंग, कणी, गोडी सगळं त्या दोन अक्षरांत आलं. ज्या शब्दावर गाडीभर माल न बघता उचलला जायचा, तो हलका कसा?

शुद्धमती
मावशींनी बोध म्हणजे उपदेश असा अर्थ घेतला, तिथेच घोटाळा झाला. अर्थबोध, सुबोध यांतला बोध आहे हा. ज्या खुणेवरून ओळख पटते ते बोधचिन्ह. इतका नेमका शब्द असताना मार्क या परक्या शब्दाला काना जोडून कशाला वापरायचा? आणि छापचं म्हणाल, तर सडकछाप, अंगठाछाप. त्या शब्दाला मान नाही. कवी माधव जूलियन आपल्याच कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकवायचे. फारसी-मराठी कोश करणारा हा माणूस पुढे भाषाशुद्धीच्या बाजूने ठाम उभा राहिला. फारसी येत नव्हती म्हणून नव्हे, येत होती म्हणून. हे विसरू नये.

मोडीवाचक
फारसीचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. शिवरायांची मुद्रा संस्कृतात, ‘प्रतिपच्चंद्रलेखेव’ अशी सुरू होणारी. पत्राच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ ही दुसरी, छोटी. मजकूर इथे संपला, पुढे कुणी ओळ घुसडायची नाही, हे तिचं काम. पण या अस्सल संस्कृत मुद्रा कागदावर उमटवण्याला आपण काय म्हणतो? शिक्कामोर्तब! शिक्का अरबीतून आलेला, मोर्तबही तिकडचाच. मोहोर फारसी. खुणेसाठीचे आपले निम्मे शब्द बाहेरून येऊन इथलेच झालेत. मग एकट्या मार्क्यालाच का अडवता?

आणि अंगठाछापमुळे छाप बदनाम होत असेल, तर ‘छाप पाडणे’मुळे तिला मानही मिळायला हवा.

रंगपेटी
वडील पाट्या रंगवायचे, मी संगणकावर तेच करतो. (कोल्हापुरात पेंटर ही नुसती उपजीविका नाही, पदवी आहे. चित्रपटकार बाबूराव मेस्त्री हे बाबूराव पेंटर झाले ते उगीच नाही.) आमच्या धंद्यात हे तीन शब्द तीन वेगळ्या वस्तूंचे आहेत.

छाप म्हणजे जिचं नाव तोंडाने घेता येतं असं चित्र. घोडा छाप, कोंबडा छाप. गिऱ्हाइकाला वाचता येवो न येवो, दुकानदाराला सांगता येतं. स्टेट बँकेची खूण डोळ्यांपुढे आणा. निळा गोल, मधे छोटं भोक, त्यातून खाली निघालेली फट. १९७१ साली शेखर कामत यांनी केलेली, पन्नास वर्षं उलटून गेली तरी लांबून ओळखू येते. पण तिला कुठली छाप म्हणाल? नाव घेता येत नाही, म्हणून ती छाप नव्हे. तिला मी बोधचिन्ह म्हणेन. आणि शाहूपुरीकरांच्या गोलातली दोन अक्षरं म्हणजे मार्का.

करवीरवासी, त्या गटाच्या पाकिटाचा फोटो टाकता का?

करवीरवासी
टाकलाय. नाव मुद्दाम झाकलंय.

रंगपेटी
बघितला. राग नको, पण हे पाकीट दुकानात दिसणारच नाही. लाल पाकिटावर लाल मिरच्या, मिरच्यांमागे केशरी ज्वाळा, ज्वाळांवर पिवळी अक्षरं आणि त्या पिवळ्याला लाल किनार. सहा फुटांवरून नुसता लाल डाग. शेजारची दहा पाकिटंही लालच असणार. चटणी स्वतःच इतकी देखणी लाल असते, तर समोर पारदर्शक खिडकी ठेवा आणि बाकीचं पाकीट पांढरं किंवा गडद हिरवं करा. मालच रंगाचं काम करेल.

आणि ती डोक्यावर पदर घेतलेली हसरी बाई इंटरनेटवरून उचललेली आहे. नथ उजव्या नाकपुडीत! चित्र उलटं फिरवलंय. कुठलीही मावशी हे पहिल्या नजरेत पकडेल.

मोडीवाचक
त्याहून मोठं दुखणं अक्षरांत आहे. ‘कोल्हापुरी’मधला ल्ह फुटलाय. ल पाय मोडून एकटा उभा, ह शेजारी सुटा. गावाच्या नावावर माल विकायचा आणि गावाचंच नाव मोडायचं? ‘लसूण’चा ल तर दांड्याचा, हिंदी वळणाचा. मराठीसाठी पाकळीचा ल राज्य शासनाने २००९ च्या आदेशात ठरवून दिलाय.

शुद्धमती
यावर पूर्ण सहमत. पाकळीचा ल गेला की मराठी पाटी परकी वाटायला लागते.

शाहूपुरीकर
माझ्या आजीला वाचता येत नव्हतं, तिला दांडाही कळला नसता आणि पाकळीही. ती म्हणायची ‘निशाणी’. मतदानाला निशाणी, काडेपेटीलाही निशाणीच. प्रभात फिल्म कंपनीची निशाणी तुतारी फुंकणारी बाई, म्हणून प्रभातचा चित्रपट म्हणजे तिच्या भाषेत “तुतारीच्या बाईचा शिनेमा”. कंपनी १९२९ मध्ये कोल्हापुरात निघाली, १९३३ मध्ये पुण्याला गेली, पण आजीच्या लेखी ती बाई शेवटपर्यंत कोल्हापूरचीच राहिली. हा चौथा शब्द कुणी धरलाच नाही.

शुद्धमती
निशाणीही फारसीच. तरीही एक कबूल करते. पाकिटावरच्या हिरव्या चौकटीतल्या हिरव्या ठिपक्याला आमच्याकडे कुणी बोधचिन्ह म्हणत नाही, ‘खूण’ म्हणतात. मांसाहारी पदार्थावर पूर्वी तपकिरी गोल असायचा, आता त्रिकोण आलाय. रंग न ओळखणाऱ्यालाही आकारावरून कळतं. नुसता आकार बदलून केवढं काम झालं! खूण हा शब्द साधा आहे, घरचा आहे. पुस्तिकेत तो का नको?

रंगपेटी
खूण फार मोठा शब्द आहे. झाडावर खडूने फुली मारली तरी ती खूणच. पण ते राहू दे, मला या गटासाठी छाप सुचली. ही चटणी डंकावर, म्हणजे मुसळांच्या कांडप यंत्रावर, कुटलेली आहे ना? मग डंकाचंच चित्र घ्या. दोन जाड रेघांत निघेल, एका रंगात छापता येईल, दोन रुपयांच्या नाण्याएवढं केलं तरी बुजणार नाही. आणि गिऱ्हाईक मागताना म्हणेल, ‘डंक छाप द्या’.

मोडीवाचक
पुण्या-मुंबईकडचे डंक हा शब्द डंख असा वाचतील. चटणीला विंचवाचा डंख!

शाहूपुरीकर
वाचू देत की. झणझणीत आहे म्हणूनच घेतील.

करवीरवासी
मावशींना फोन करून सांगितलं. डंकाचं चित्र त्यांना फार आवडलं. म्हणाल्या, “आमचा मार्का झाला म्हणा की.” छाप म्हटलंच नाही त्यांनी! आता रंगपेटींनी केलेले तीनही भेद पुस्तिकेत घालायचे, तर एका शब्दाच्या जागी अख्खं पान लागेल. संपादक बोधचिन्हावर अडून आहेत. पहिल्या धड्यातली त्या शब्दाची जागा अजून कोरीच आहे आणि उद्या गुरुवार.

रंगपेटी
चित्र रात्री काढायला घेतो. फक्त सांगा, त्यांच्या डंकाला मुसळं किती? दोन काढली तर चित्र मोकळं दिसेल, पण खरी चार असतील तर चारच काढायला हवीत.

शाहूपुरीकर
आमच्या गल्लीतल्या डंकाला चार आहेत. पण माझ्यावर जाऊ नका, त्यांच्याच डंकाचा फोटो मागवा. आणि मुसळ वर उचललेलं काढा, खाली टेकलेलं नको.