तालुका विचारला, मी 'सांगली' म्हणाले

(सोसायटी ग्रुप, मंगळवार)

बी-३०३ वहिनी, सकाळी ९.४०
नमस्कार. सासूबाईंना काल संध्याकाळी आयसीयूतून बाहेर आणलं. शुद्धीवर आहेत, मला नावानं हाक मारली. डावा हात अजून उचलत नाही. शनिवारी रात्री जे धावून आलात त्या सगळ्यांचे आभार मानायचे राहिले होते, ते आधी मानते.

आता जरा मोठं लिहिते. कृपया शेवटपर्यंत वाचा.

रात्री २ वाजून १० मिनिटांनी त्या बाथरूमच्या दारात बसलेल्या दिसल्या. तोंड एका बाजूला ओघळलं होतं, बोलत होत्या त्यातला शब्द कळत नव्हता. घरात मी आणि मुलगी, हे कामासाठी बाहेरगावी. ॲम्ब्युलन्ससाठी १०८ लावला. लगेच उचलला. कुठून बोलताय विचारल्यावर मी म्हणाले, विश्रामबाग. पलीकडून प्रश्न आला, पुण्यातलं का? मला क्षणभर कळेचना. १०८ ची कंट्रोल रूम पुण्यात आहे, सगळ्या महाराष्ट्राचे फोन तिथे जातात, हे मला नंतर कळलं. मग जिल्हा सांगितला. तालुका विचारला, मी म्हणाले सांगली. आता सांगली नावाचा तालुका कुठे आहे? आपला तालुका मिरज. बावीस वर्षं इथे राहते, सगळ्या कागदांवर 'ता. मिरज' लिहिते, पण त्या वेळी तोंडातून आलं ते सांगलीच. मग जवळची खूण विचारली. मी सांगितलं, पिठाच्या गिरणीसमोर. गिरणी बंद होऊन सहा वर्षं झाली, तिथे आता मोबाइलचं दुकान आहे.

त्या ताई शांतपणे विचारत होत्या. त्यांची काही चूक नव्हती, गाडीचीही नव्हती. गाडी वेळेत आली आणि आपल्या गेटबाहेर उभी राहिली, कारण गेटला कुलूप आणि किल्ली वॉचमन मामांच्या खिशात, आणि मामा मागे पंप बंद करायला गेलेले. गेट उघडलं तर आत बी विंगच्या तोंडाशी कार आडवी. गाडीतले डॉक्टर बॅग घेऊन चालत आले. स्ट्रेचर लिफ्टमध्ये मावलं नाही. शेवटी आमच्या बाल्कनीतल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून, माझ्या ओढणीनं छातीशी बांधून, चौघांनी तीन मजले खाली आणलं. ओढणीची गाठ मी मारली. हात इतके थरथरत होते की दोनदा सुटली.

गाडी गेटपाशी आल्यापासून त्यांना गाडीत ठेवेपर्यंत एकवीस मिनिटं गेली. मुलीनं फोनवर वेळ बघितली होती.

माझी विनंती एवढीच. नंबर आपल्या सगळ्यांकडे आहेत. त्या नंबरवर काय सांगायचं आणि गाडी आल्यावर पेशंट तिच्यापर्यंत कसा न्यायचा, याची तयारी आपल्या सोसायटीत नाही. ती या आठवड्यात करूया.

सी-१०४
वहिनी, ती कार माझी होती. पाऊस होता म्हणून पोर्चजवळ लावली. कितीही माफी मागितली तरी कमीच आहे. आजपासून बी विंगसमोर माझी गाडी दिसणार नाही. आईंना भेटायला कधी येऊ ते सांगा.

बी-३०३ वहिनी
दादा, तुम्हीच चौघांतले एक होता. खुर्चीची मागची बाजू तुम्ही धरली होती, मी विसरले नाही. संध्याकाळी पाचनंतर या.

बी-२०२
हे एक मला आलंय, पुढे पाठवते. सगळे इमर्जन्सी नंबर एकत्र आहेत. सेव्ह करून ठेवा 🙏

ए-१०२ काकू
अगं, ही यादी माझ्याकडे वर्षभर आहे. गेल्या मे महिन्यात भाच्याला रक्त लागलं तेव्हा त्यातला ब्लड बँकेचा नंबर लावला तर नागपुरात कुणाच्या तरी घरी लागला. ते बिचारे म्हणाले, काकू, रोज दोन-तीन फोन येतात. हे डिलीट कर बाई. जो नंबर आपण स्वतः लावून बघितला नाही तो दुसऱ्याला द्यायचा नाही.

बी-२०२
केलं काकू. मला खरंच माहीत नव्हतं.

सी-३०३ सिस्टर, १०.२५
ड्यूटीवरून आत्ता आले. वहिनी, तुम्ही त्यांना पाणी पाजलं नाहीत, घरातली बीपीची गोळी दिली नाहीत, हे फार चांगलं केलंत. लकव्याच्या पेशंटला बऱ्याचदा गिळता येत नाही, पाणी फुफ्फुसात जाऊ शकतं. आणि मेंदूत गुठळी आहे की रक्तस्राव, हे सीटी स्कॅन झाल्याशिवाय कुणालाच कळत नाही. म्हणून ॲस्पिरिन वगैरे आपल्या मनानं अजिबात द्यायची नाही.

सगळ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवा. तोंड वाकडं झालं, एक हात वर राहत नाही, बोलणं अडखळलं, यातलं एक जरी दिसलं तरी पहिल्यांदा घड्याळ बघा. शेवटचं ठीक कधी होतं, ती वेळ डॉक्टर विचारणार. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. पेशंट झोपेतून तसाच उठला तर रात्री झोपताना ठीक होता ती वेळ धरतात. 'सकाळ होऊ दे, मग बघू' यात माणसं कायमची अंथरुणाला खिळलेली मी बघितली आहेत.

त्यामुळे आपल्या घराजवळच्या कुठल्या हॉस्पिटलला रात्री सीटी होतो, डॉक्टर हजर असतात, हे दिवसा जाऊन विचारून ठेवा. आपल्याकडे सांगलीत सिव्हिल आहे, मिरजेत मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल आहे, खासगी तर रांगेनं आहेत. मोठी पाटी म्हणजे रात्रीची सोय असं नसतं.

आणि १०८ ला पैसे लागत नाहीत. २०१४ पासून ही सेवा आहे तरी अजून लोक मला विचारतात की किती घेतात. बाळंतिणीसाठी आणि तान्ह्या बाळासाठी १०२ ची गाडी आहे, तीही मोफत.

ए-२०१ अण्णा
सिस्टर, पावसाळा आहे. साप चावल्याचं पण सांगा की. मागच्या प्लॉटात गवत कमरेएवढं झालंय.

सी-३०३ सिस्टर
अण्णा, बरं विचारलंत. करकचून दोरी बांधायची नाही, ब्लेडनं कापायचं नाही, चोखायचं नाही, साप मारत बसायचं नाही. अंगठी, बांगड्या काढायच्या, कारण सूज येते. चावलेला हातपाय हलवू द्यायचा नाही, माणसाला चालवायचं नाही. सरळ सरकारी हॉस्पिटल, तिथे प्रतिविष मोफत मिळतं. मण्यार रात्री झोपेत चावते आणि कधी कधी खूणसुद्धा दिसत नाही. पहाटे पोटात दुखतंय, पापण्या जड झाल्या असं कुणी म्हणालं तर ॲसिडिटी समजू नका.

सेक्रेटरी, १०.५०
वहिनींचं वाचून रात्रीचं सगळं पुन्हा डोळ्यांसमोर आलं. गेटला रात्री कुलूप हा निर्णय कमिटीचा, म्हणजे माझाच. दुसरी किल्ली आजच करून घेतो. आणखी काय काय करावं ते सगळ्यांनी सांगा, मी लिहून घेतोय.

ए-२०१ अण्णा
मी बोलतो. २०१९ च्या महापुरात आम्ही गावभागात राहायला होतो हे बऱ्याच जणांना माहीत आहे. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोक्याची ४५. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमच्या घरात २००५ च्या पाण्याची खूण भिंतीवर होती. वडील त्या खुणेकडे बोट दाखवून म्हणायचे, याच्या वर येत नाही. त्या भरवशावर आम्ही वरच्या मजल्यावर बसून राहिलो. पाणी त्या खुणेच्या वर कधी गेलं ते अंधारात कळलंच नाही.

सांगायचं ते हे, की दुसऱ्या दिवशी लाइट नाही, तिसऱ्या दिवशी सगळ्यांचे मोबाइल बंद. सगळे नंबर मोबाइलच्या आत. मला बायकोचाही नंबर पाठ नव्हता. समोरच्या घरात एक आजोबा डायलिसिसवाले होते, दिवसाआड न्यावं लागायचं. आत असा पेशंट आहे हे बोटीवाल्यांना माहीतच नव्हतं. आम्ही गच्चीवरून चादर हलवून ओरडून सांगितलं. त्याच दिवसांत ब्रह्मनाळला पुरातून माणसं नेणारी बोट उलटली, माणसं बुडाली. ती माणसं आठवली की अजून घास उतरत नाही.

म्हणून माझं म्हणणं, नंबर कागदावर पाहिजेत, पेनानं लिहिलेले, दाराच्या आतल्या बाजूला. जिल्ह्याची आपत्ती कंट्रोल रूम १०७७, तो सगळ्यात वर. आणि सोसायटीनं एक यादी करावी, कुणाच्या घरी ऑक्सिजन आहे, कुणाचं डायलिसिस आहे, कोण जिना उतरू शकत नाही. पाणी ४० फुटांकडे चाललंय अशी बातमी आली की ही माणसं त्याच दिवशी नातेवाइकांकडे हलवायची. कोयना धरणातून किती सोडलं, अलमट्टी धरणाचं काय, याच्या चर्चा करत बसायच्या नाहीत.

ए-१०२ काकू
अण्णा, ही यादी ग्रुपवर नको. कुणाला काय आजार आहे हे सगळ्यांना कशाला कळायला पाहिजे? सेक्रेटरींकडे एक आणि सिस्टरांकडे एक, पाकिटात बंद. माझं नाव घाला. गुडघ्यांमुळे मला जिना उतरवत नाही, हे सांगायला मला संकोच नाही.

ए-२०१ अण्णा
बरोबर आहे काकू. पाकिटातच.

ए-४०१ काका (बँकवाले)
यात एक भर घालतो. ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेले तर १९३०. अर्धा तास विचार करत बसू नका, मुलाला विचारतो म्हणू नका. पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत तक्रार झाली तर अडवता येतात, नंतर अवघड होतं. व्हिडिओ कॉलवर पोलिसाच्या वेशात कुणी 'तुम्हाला अटक केली आहे, खोलीबाहेर जाऊ नका' म्हणालं तर फोन ठेवून द्यायचा आणि सरळ माझ्याकडे यायचं. रात्री सुद्धा. अशी अटक कायद्यात नाहीच.

बी-२०२
गॅसचा वास आला तर?

सेक्रेटरी
१९०६. आधी रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, लाइटचं कुठलंच बटण दाबायचं नाही, बंदही नाही आणि चालूही नाही. फोन बाहेर येऊन करायचा. आग असेल तर १०१.

ए-१०२ काकू, ११.४०
मला अजून एक बोलायचंय. काही नंबर असे असतात की ते माणूस ग्रुपवर विचारू शकत नाही. नवरा मारतो ती बाई या ग्रुपवर '१८१ काय आहे हो' असं लिहील का? तिचा फोन दुसरं कुणी बघत असेल. मी पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं. हातावरचे वळ झाकायला पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घालणाऱ्या आया मी पालकसभेत बघितल्या आहेत. तेव्हा मला कुठे पाठवायचं ते माहीत नव्हतं, याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून बायकांसाठी १८१, लहान मुलांसाठी १०९८ आणि मनाच्या त्रासासाठी १४४१६, हे लिफ्टच्या आत लावा. लिफ्टमध्ये प्रत्येक जण एकटा असतो कधी ना कधी. वाचता येतं, पाठ करता येतं, कुणाला कळत नाही.

सी-३०३ सिस्टर
काकू, अगदी खरं. १४४१६ म्हणजे टेलिमानस, २०२२ साली सुरू झालं. चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. फक्त 'जगावंसं वाटत नाही' अशाच वेळी करायचा असं नाही. झोप लागत नाही, छाती धडधडते, मुलगा खोलीतून बाहेर येत नाही, यासाठीही करा. घरचं माणूसही करू शकतं. पण कुणी जीव द्यायचं बोलत असेल तर 'असं काय बोलतोस' म्हणून गप्प करायचं नाही. सरळ विचारायचं, त्याला एकटं सोडायचं नाही, औषधं, फवारणीचं औषध नजरेआड करायचं. आणि त्यानं काही घेतलंच असेल तर १०८, तिथे फोनवर बोलत बसायची वेळ नाही.

सी-१०४
११२ चं कुणी सांगितलं नाही. पोलीस, आग, ॲम्ब्युलन्स तिन्हीसाठी चालतो. फोन नवी मुंबई किंवा नागपूरच्या सेंटरला जातो, म्हणजे वहिनींनी सांगितलं तेच तिथेही. आधी जिल्हा, मग तालुका. मोबाइलवरून लोकेशन दिसतं, पण त्यात नेमकी आपली बिल्डिंग कळेलच असं नाही. आणि लागतो का बघू म्हणून ११२ किंवा १०८ ला फोन करू नका, तेवढ्यात कुणाचा तरी खरा फोन अडकतो. तपासायचे ते आपले इथले नंबर. हॉस्पिटलं, ब्लड बँक, महापालिकेचं अग्निशमन, आपलं पोलीस ठाणं. हे सगळे मी उद्या दुपारी स्वतः लावतो, कोण उचलतं ते बघतो आणि तारीख घालून कागद करतो. दर सहा महिन्यांनी पुन्हा. हे काम माझ्याकडे राहू द्या.

सेक्रेटरी, रात्री ९.१५
आज झालेलं सांगतो.

पत्ता असा ठरलाय. प्रत्येकानं फोनमध्ये आणि दारामागे लिहावा. "जिल्हा सांगली, तालुका मिरज, सांगली शहर, विश्रामबाग, शंभर फुटी रोडवरून आत", पुढे गल्ली आणि सोसायटीचं नाव, विंग, मजला, आणि "गेटवर माणूस उभा आहे". गिरणी काढली. खूण म्हणून पाण्याची टाकी घेतली, ती रात्रीही दिसते. मुलांकडून पाठ करून घ्या.

फोन करणाऱ्यानं पेशंटजवळच थांबायचं. ग्रुपवर फक्त फ्लॅट नंबर आणि 'मदत' एवढंच टाकायचं, आणि शेजारची बेल वाजवायची, कारण रात्री ग्रुप कोण बघतंय? तळमजल्याच्या तिघांनी गेट, गाड्या आणि लिफ्ट बघायची. नावं ठरली आहेत, फलकावर आहेत.

बी विंगसमोर पिवळे पट्टे उद्या मारतो. तिथे कुणाचीही गाडी नको, माझीसुद्धा. लिफ्टमध्ये काकूंचा कागद लागला, काकूंनीच मोठ्या अक्षरात लिहून दिला.

बी-३०३ वहिनी
स्ट्रेचरचं काय?

सेक्रेटरी
लिफ्ट मोठी होणार नाही. पण चाकांची खुर्ची, पट्ट्यांसकट, सोसायटीच्या खर्चानं घेतोय. सिस्टर कुठली घ्यायची ते सांगणार आहेत. रविवारी सकाळी दहाला सगळ्यांनी या. जिन्यावरून कशी उतरवायची ते त्या दाखवतील. अण्णा खुर्चीत बसायला तयार आहेत.

सी-३०३ सिस्टर
ओढणी नको आता. पट्टे आहेत.

सेक्रेटरी
गेटची दुसरी किल्ली बी विंगच्या मीटर बोर्डाच्या डाव्या बाजूला, खिळ्याला आहे. लाल फीत बांधली आहे. अंधारात हाताला लागते का ते मी आणि मामांनी लाइट घालवून बघितलं. लागते.