लेक ईरीवर वॉलायसाठी डाउनरिगरचा रॉड कोणता घ्यावा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी ओहायोत क्लीव्हलंडच्या परिसरात राहतो आणि उन्हाळ्यात लेक ईरी या सरोवरावर वॉलाय नावाचा मासा गरवायला जातो. मित्राबरोबर भागीत घेतलेल्या होडीवर आतापर्यंत प्लेनर बोर्ड (दोरी होडीपासून बाजूला नेणारी तरंगती फळी) आणि डिप्सी डायव्हर (दोरी खाली ओढून नेणारी चकती) यांवर आमचे काम चालत असे. या मोसमासाठी होडीच्या मागच्या कडेला दोन डाउनरिगर बसवले आहेत आणि त्यांच्याकरिता दोन रॉड घ्यायचे आहेत. दुकानांत डाउनरिगर रॉड म्हणून जे मिळते, ते बहुतेक सॅमन डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले असते. म्हणून ज्यांनी याच सरोवरावर वॉलायसाठी डाउनरिगर वापरले आहेत, त्यांचा सल्ला मला हवा आहे.

ज्यांनी हे साधन पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, कारण माझा प्रश्न त्यातूनच निघतो. साधारण ८ ते १० पौंडांचा शिशाचा गोळा पोलादी तारेने हव्या त्या खोलीवर सोडतात, आपली दोरी त्या गोळ्याजवळच्या क्लिपमध्ये अडकवतात आणि होल्डरमधला रॉड चांगला वाकेपर्यंत रीळ फिरवून ती ताणतात. मासा जोराने लागला की दोरी क्लिपमधून सुटते आणि त्या क्षणी तिच्यात पडणारी ढील वाकलेला रॉड सरळ होता होता ओढून घेतो. म्हणजे या रॉडला तासन्‌तास वाकलेल्या स्थितीत राहायचे असते, आणि दोरी सुटताच गरीवरचा ताण जाऊ न देता उसळून सरळ व्हायचे असते. ताठ रॉडला पुरेसा वाक देता येत नाही. द्यायला गेले तर मासा नसतानाच दोरी क्लिपमधून निसटते.

सॅमनच्या रॉडबद्दल मला शंका आहे ती माशाच्या आकारामुळे. ईरीतला वॉलाय बहुधा २ ते ५ पौंडांचा असतो आणि सॅमनसारखा झेपावत नाही. त्यातच सरोवराच्या पश्चिम भागात ज्या वर्षी त्याची पैदास विशेष चांगली होते, त्यानंतर मोठ्या माशांबरोबर लहान मासेही पुष्कळ लागतात. ओहायोच्या नियमानुसार १५ इंचांपेक्षा लहान वॉलाय परत सोडावा लागतो. असा लहान मासा क्लिपमधून दोरी सोडवू शकत नाही, आणि रॉड ताठ असेल तर त्याची हालचाल टोकापर्यंत पोहोचतच नाही. तो बिचारा गोळ्यामागे तसाच ओढला जातो. वॉलायची हवेची पिशवी बंद असते, म्हणजे खोल पाण्यातून वर येताना तिच्यातली फुगलेली हवा तो पटकन बाहेर टाकू शकत नाही. आधीच दमलेला मासा ४५ फुटांवरून वर आणून सोडला तर तो जगण्याची शक्यता बरीच कमी होते. मासा लागल्याबरोबर कळणे ही माझ्या दृष्टीने या रॉडकडून पहिली अपेक्षा आहे. मोठा मासा आवरण्याची ताकद त्यानंतर येते.

आता खोलीविषयी. सरोवराच्या पश्चिम भागाची सरासरी खोली सुमारे २४ फूट आहे आणि तिथे डाउनरिगरची फारशी गरज पडत नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु वसंतात मॉमी आणि सॅन्डस्की या नद्यांत आणि पश्चिमेकडच्या खडकाळ उथळ जागांवर अंडी घालून झाल्यावर बरेच मोठे वॉलाय थंड पाणी आणि खाद्य शोधत पूर्वेकडे सरकतात. आमच्या बाजूच्या मध्य भागाची सरासरी खोली ६० फुटांच्या आसपास आहे. जुलै-ऑगस्टमध्ये येथे वरचे उबदार आणि खालचे थंड पाणी असे स्पष्ट थर पडतात, आणि उन्हाळ्याच्या अखेरीस अगदी तळाच्या पाण्यातला प्राणवायू घटतो, म्हणून मासे बऱ्याचदा त्या सीमेच्या जरा वर एकाच पट्ट्यात राहतात. तो पट्टा एकदा सापडला की आमिष नेमके त्याच खोलीवर धरून ठेवण्यासाठी डाउनरिगरइतके खात्रीचे साधन नाही, असे माझे मत आहे.

रॉड निवडताना माझ्या मनात पुढील गोष्टी आहेत. लांबी ८ फूट की ८ फूट ६ इंच, हे ठरत नाही. ताकद मिडियम-लाइट (मध्यमाहून थोडी हलकी) असावी असे वाटते, पण वाक मॉडरेट (साधारण मध्यापर्यंत वाकणारा) असावा की त्याहूनही मऊ, याबद्दल वाचावे तितकी मते भिन्न आहेत. ओकुमाच्या क्लासिक प्रो जीएलटी आणि शिमानोच्या टीडीआर या मालिका पाहिल्या आहेत. निव्वळ फायबरग्लास जड असला तरी वाकून राहण्यात तो पक्का वाटतो. ग्राफाइट मिसळलेला रॉड हलका आणि अधिक जाणीव देणारा, पण होल्डरमध्ये सतत वाकलेला आणि लाटांनी हिसके खाणारा असा तो किती टिकेल, हे अनुभवी माणसेच सांगू शकतील. आम्ही मुख्यतः स्पून (चमच्याच्या आकाराचे धातूचे आमिष) वापरतो आणि होडीचा वेग ताशी २ ते २.५ मैल असतो. हेच रॉड डिप्सीलाही चालतील का, आणि दोरी तंगुसाची ठेवावी की ब्रेडेड (विणलेल्या धाग्यांची), हेही कृपया सांगावे.

प्रतिसाद १

मी पेनसिल्व्हेनियाच्या ईरी शहराकडून सरोवरात जातो. आमच्याकडे पाणी लवकर खोल होत असल्याने माझा बहुतेक उन्हाळा डाउनरिगरवरच जातो. आपला लहान माशाचा मुद्दा योग्य आहे आणि तोच धरून निवड करावी.

८ फूट ६ इंच, मिडियम-लाइट, आणि वाक मॉडरेटपेक्षा कडक नको. ग्लास किंवा ग्लास-ग्राफाइट मिश्रण दोन्ही चालते. शुद्ध ग्राफाइट या कामाला घेऊ नये. दुकानात मालिकेच्या नावापेक्षा रॉड वाकवून पाहण्यावर भर द्यावा. रीळ लावून दोरी कड्यांतून ओवावी, दुसऱ्या माणसाला दोरीचे टोक खाली धरायला सांगावे आणि रॉड पूर्ण वाकवावा. वाक टोकाशीच न थांबता वरच्या दोन तृतीयांश भागात पसरला पाहिजे. त्याच वेळी दोन कड्यांमधली दोरी रॉडला घासते का ते पाहावे. या पद्धतीत रीळ आणि कड्या वरच्या बाजूला असतात, त्यामुळे कड्या कमी असतील तर वाकलेल्या रॉडवर दोरी टेकते आणि झिजते. स्वस्त रॉडमध्ये हा दोष हमखास आढळतो.

दोरी १२ ते १५ पौंडांची तंगुसाची ठेवावी. ब्रेडेड दोरी बारीक आणि गुळगुळीत असल्याने रबरी पकडीच्या क्लिपमधून सरकते, शिवाय ती ताणली जात नसल्याने मऊ रॉडचा अर्धा फायदा वाया जातो. क्लिप मात्र हलक्या ताणाची घ्यावी, कारण रॉड कितीही मऊ घेतला तरी घट्ट क्लिप लहान मासा लपवतेच.

डिप्सीसाठी हे रॉड वापरू नयेत. पाण्यात डिप्सी फार जोराने ओढते. तिला लांब आणि ताठ रॉडच हवा.

प्रतिसाद २

मी पोर्ट क्लिंटनकडे, म्हणजे उथळ पाण्यात मासेमारी करतो, त्यामुळे माझा अनुभव मर्यादित आहे. तरी एक सुचवावेसे वाटते. प्लेनर बोर्डांसाठी आपल्याकडे ८ फुटी मिडियम-लाइट ग्लासचे रॉड असतीलच. खरेदीपूर्वी तेच डाउनरिगरवर लावून पाहावेत. बोर्डाचा रॉडही मऊच असतो आणि पुष्कळजण एकच रॉड दोन्ही कामांना वापरतात. शिवाय वॉलाय होडीच्या आवाजाला बिचकतो, म्हणून आमिष गोळ्यापासून बरेच मागे, ५० ते ८० फूट ठेवावे. अंतर वाढले की तंगूस अधिक ताणला जातो आणि लहान माशाची जाणीव आणखी मंदावते, हे रॉड निवडताना विचारात घ्यावे.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. बोर्डांचे रॉड आधी लावून पाहण्याची सूचना फार उपयोगी आहे. त्यातला एक डाव्या डाउनरिगरवर लावतो आणि उजव्यासाठी ८ फूट ६ इंचांचा एक मिश्र रॉड, पूर्ण वाकवून कड्या तपासल्यावरच, घेतो. म्हणजे एकाच पाण्यात, एकाच खोलीवर दोघांची तुलना करता येईल. एक शंका उरते. मासा लहान असून दोरी सुटत नसेल, तर ती क्लिपमधून सोडवण्याची योग्य रीत कोणती?

प्रतिसाद १

रॉड होल्डरमधून काढून टोक पाण्याकडे न्यावे, ढील राहणार नाही इतकी रीळ फिरवावी आणि मग एकाच झटक्यात रॉड वर उचलावा. येथे ८ फूट ६ इंचांच्या लांबीचा उपयोग होतो, कारण जितका झोका मोठा तितकी दोरी सहज सुटते. टोक एका लयीत बारीक थरथरताना दिसले की मासा आहे असे समजून लगेच हे करावे. लाटेमुळे होणारी हालचाल सर्व रॉडवर सारखी दिसते, माशामुळे होणारी एकाच रॉडवर दिसते.